कॅम्पर ट्रेलरमधला जेट स्प्रे : समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत राहणारी बरीच मराठी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडीमागे कॅम्पर ट्रेलर जोडून यलोस्टोन, झायनच्या वाटेला लागतात. घरातल्या कमोडला जेट स्प्रे किंवा बिडे हौसेने बसवलेला असतो. ट्रेलरमध्ये मात्र ‘पाणी पुरायचं नाही’ म्हणून कागदावर भागवले जाते. ही भीती अनाठायी आहे.

एका वेळेला साधारण अर्धा लिटर पाणी लागते, हात सैल असेल तर लिटरभर. चौघांनी दिवसातून दोनदा वापरले तरी चार ते आठ लिटर. मध्यम ट्रेलरच्या टाकीत दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावते आणि शॉवर मिनिटाला पाच-सात लिटर ओततो. टाकी आटते ती अंघोळीने.

‘मग ब्लॅक टँक लवकर भरेल’ हा पुढचा आक्षेप. मैल्याची ही टाकी बहुधा कमोडच्या थेट खाली असते. पायाने पेडल दाबले की झडप उघडते आणि सगळे सरळ खाली पडते. पाणी कमी आणि कागद जास्त झाला, तर तोंडाखालीच ढीग साचतो, वाळतो आणि डंप स्टेशनवर टाकी धड रिकामी होत नाही. पाण्याने धुतल्यास कागद घटतो आणि टाकीत ओल राहते. म्हणजे तक्रार नेमकी उलटी आहे. रानात, डंप स्टेशनपासून दूर आठवडाभर मुक्काम असेल, तर मात्र हे लिटर हिशेबात धरावेत.

घरासाठी आणलेला बिडे इथेही बसेल, असे अनेकांना वाटते. घरी त्याचा ‘टी’, म्हणजे पाण्याला फाटा देणारा तीन तोंडांचा सांधा, फ्लशच्या टाकीखाली जोडतात. ट्रेलरच्या कमोडला बहुधा ती टाकीच नसते. ‘टी’ घ्यावा लागतो तो कमोडकडे येणाऱ्या पाइपवर, कमोडच्या पाण्याच्या झडपेच्या आधी, आणि तिथले आटे बहुतेकदा अर्ध्या इंची असतात. शिवाय काही मॉडेलांत सीटची बिजागरी अशी असते की बिडेची पट्टी खाली सरकतच नाही. म्हणून खरेदीआधी मापे घ्या. ट्रेलरसाठी मला हातातला जेट स्प्रेच सोयीचा वाटतो. प्लॅस्टिकचे सांधे हाताने आवळावेत, पाना लावलाच तर अगदी जपून.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुतेकांकडून राहते. कमोडला स्वतःचा व्हॅक्यूम ब्रेकर असतो, त्यामुळे घाण पाणी उलटे ओढले जात नाही. आपला ‘टी’ त्याच्या आधी असल्याने स्प्रेला ते संरक्षण मिळत नाही. स्प्रेचे तोंड कमोडच्या पाण्यात लोंबत असताना पाइपातला दाब पडला, तर ते पाणी मागे खेचले जाऊ शकते; आणि चहाचे पाणी त्याच जोडणीतून येते. सतत दाबाखाली चालेल असा बॅकफ्लो रोखणारा व्हॉल्व्ह स्वतंत्र लावा. हूक इतक्या उंचीवर ठेवा की नळी खाली पडली तरी तोंड कमोडात पोहोचणार नाही. यात काटकसर करू नये.

‘खटका सोडला की पाणी बंद’ हेही अर्धेच खरे. खटका सुटला तरी नळीत दाब राहतो. ती फुटली किंवा वायसर सरकला, तर १२ व्होल्टचा पंप टाकीतले पाणी निमूटपणे जमिनीवर ओतत राहील. बऱ्याच ट्रेलरांच्या फरशीखाली लाकडी फळी असते आणि ती कुजते. ‘टी’लाच बंद करायची चावी हवी. कॅम्पग्राउंडच्या नळाला जोडताना प्रेशर रेग्युलेटर लावा, कारण तिथला दाब कधीकधी फार असतो.

वीज मात्र लागत नाही. साधा स्प्रे पाण्याच्या दाबावरच चालतो. वीज लागते ती गरम सीटच्या इलेक्ट्रिक बिडेला. थंडीत ट्रेलर उभा करताना ही नळीही रिकामी करा, नाहीतर आत बर्फ धरून ती तडकेल.

ट्रेलर भाड्याचा असेल, तर मालकाला न विचारता पाइप सोडू नका. पिळायची बिडे-बाटली सोबत ठेवा, सहलीपुरते तिच्यावर उत्तम भागते. स्वतःच्या ट्रेलरला स्प्रे बसवणार असाल, तर प्रत्येक वापरानंतर चावी बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा आणि ट्रेलर सोडून बाहेर पडताना पंपाचे बटण बंद करा.