शिंदे, सदाशिव गणपतराव
(१८ ऑगस्ट १९२३–२२ जून १९५५). भारतीय क्रिकेटपटू व गुगली गोलंदाज. ‘सदू शिंदे’ या नावाने परिचित. जन्म मुंबईचा. महाराष्ट्र, मुंबई व बडोदे या संघांकडून ते खेळले. दिल्ली येथे नोव्हेंबर १९५१ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत त्यांनी ९१ धावांत ६ बळी घेऊन पाहुण्यांचा पहिला डाव २०३ धावांत आटोपण्यास मोठा हातभार लावला. दुसऱ्या डावात ७३ षटके टाकूनही त्यांना दोनच बळी मिळाले. क्षेत्ररक्षकांनी अनेक संधी दवडल्या व सामना अनिर्णित राहिला. एरवी भारताचा पहिला कसोटी विजय बहुधा तेथेच नोंदला जाता. तो फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला मिळाला, तेव्हा शिंदे संघात नव्हते. सात कसोटींत त्यांनी १२ बळी मिळविले. वयाच्या एकतिसाव्या वर्षी विषमज्वराने मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या प्रतिभा यांचा विवाह बारामतीचे राजकीय नेते शरद पवार यांच्याशी झाला.