टाकीचा घाव आणि हिऱ्याचा ठसा

पाटा गुळगुळीत झाला, म्हणजे त्यावर चटणी वाटली जात नाहीं. ती नुसती पसरते. विजेच्या यंत्रांनीं स्वयंपाकघरांत ठाण मांडण्यापूर्वीं अशा पाट्यास टाकी लावून घेण्याचा प्रघात घरोघर होता. पोलादी टाकीच्या टोकाखालीं काळ्या दगडांत बारीक खळगे पडत. परंतु पाटा दुभंगत नसे. घाव किती जोराचा असावा, हें टाकी लावणाऱ्या स्त्रियांचा हात जाणत असे. तो अंमळ जास्त झाला, कीं खळग्याच्या कडेपासून तडा सुटावयाचा. ठिसूळ पदार्थांची परीक्षा करण्याची जी एक आधुनिक रीत आहे, तिचें बीज ह्याच घावांत आहे.

मुळशीची भूमि ह्याच काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टाची. मुळा नदीवरील मुळशीचें धरण १९२७ सालीं पुरें झालें, तेंही दगडी बांधकामाचें. त्याचें पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या भिरा येथील वीजगृहाकडे वळविलें आहे. ह्या धरणाखालीं गांवें व शेतें बुडणार, म्हणून १९२१ च्या रामनवमीस मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला व पुढें सेनापति बापटांनीं त्याचें नेतृत्व केलें, हा इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. योगायोग असा कीं, त्याच १९२१ सालीं इंग्लंडांत ए. ए. ग्रिफिथ ह्या अभियंत्याचा काचेच्या भंगाविषयींचा निबंध प्रसिद्ध झाला. काच मोडते ती सबंध काच दुबळी असते म्हणून नव्हे, तर तिच्या अंगीं आधींपासून असलेल्या सूक्ष्म भेगांच्या टोकाशीं सारा ताण एकवटतो म्हणून, असें त्यानें दाखविलें. जवळजवळ त्याच सुमारास व्हिकर्स कंपनींतील स्मिथ व सँडलंड ह्यांनीं हिऱ्याच्या टोकानें धातूचें काठिण्य मोजण्याची युक्ति काढली. ह्या दोन विचारांचा संगम मात्र पुढें कित्येक वर्षांनीं झाला.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. जें कठीण तें मजबूत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु काठिण्य निराळें आणि चिवटपणा निराळा. पृष्ठभागावर ओरखडा वा खळगा पडूं न देणें, हें काठिण्य. पडलेला तडा पुढें धांवूं न देणें, हा चिवटपणा. हिऱ्यास संस्कृतांत वज्र म्हणतात, आणि काठिण्यांत तो खरोखरच अग्रगण्य आहे. तथापि विशिष्ट दिशेनें नेमका आघात झाल्यास तोही दुभंगतो. उलट सोनें मऊ असूनही ठोकल्यानें फुटत नाहीं, त्याचा पत्रा होतो.

आतां ती परीक्षा पाहूं. पदार्थाचा पृष्ठभाग आरशासारखा घासून घेतात. मग समोरासमोरच्या बाजूंमध्यें १३६ अंशांचा कोन असलेलें हिऱ्याचें चौकोनी मनोऱ्यासारखें टोंक ठराविक भारानें त्यावर दाबतात. भार काढल्यावर चौकोनी ठसा उरतो. त्याच्या कर्णाच्या लांबीवरून काठिण्य निघतें. भार पुरेसा असेल, तर ठशाच्या चारही कोंपऱ्यांतून तडे बाहेर पडतात. ठशाखालीं चेपला गेलेला पदार्थ भोंवतालच्या भागास रेटीत राहतो. त्यामुळें पुष्कळ वेळां हे तडे भार उतरतांनाच वाढतात. सूक्ष्मदर्शकानें त्यांची लांबी मध्यापासून मोजावयाची. तडा आंखूड, तर पदार्थ चिवट. तडा लांब, तर ठिसूळ.

१९५७ सालीं पामक्विस्ट ह्यानें टंगस्टन कार्बाइडाच्या कठीण मिश्रणांवर असे तडे अभ्यासिले. १९८१ सालीं अँस्टिस, चांतिकुल, लॉन व मार्शल ह्या चौघांनीं जें सूत्र दिलें, तें पुष्कळ ठिकाणीं वापरलें गेलें. भारास तड्याच्या लांबीच्या दीड घातानें भागावें. त्यास स्थितिस्थापकता व काठिण्य ह्यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळानें आणि शेवटीं ०.०१६ नें गुणावें. म्हणजे इतर गोष्टी समान असतां तडा दुप्पट लांब निघाल्यास चिवटपणा सुमारें २.८ पटींनीं कमी. खिडकीच्या साध्या काचेचा आंकडा मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर ह्या मापानें ०.७ ते ०.८ च्या आसपास येतो. पुलांच्या पोलादाचा ५० च्याही वर जातो.

इतकी सोपी रीत पाहून मन मोहित होतें. परंतु सोपेपणा हेंच येथें संकट आहे. ०.०१६ हा अंक तर्कानें सिद्ध झालेला नाहीं. कांहीं पदार्थांच्या मापांशीं जुळवून घेतलेला आहे. तडे सर्वत्र एकाच आकाराचे पडत नाहींत. दमट हवेंत काचेंतील तडा भार काढल्यावरही हळूहळू सरकत राहतो. मुळशीच्या आषाढांत सकाळीं घेतलेलें माप सायंकाळीं तेंच राहील, असा भरंवसा नाहीं. आणि मुळशीच्या पाषाणावर हा हिरा दाबला, तर तडा सूत्र पाळण्याऐवजीं दगडांतील स्फटिकांच्या सांध्यांतून व पोकळ्यांतून वाट काढील. १९०० नंतरच्या शतकभरांत काठिण्याची मापें जशीं स्थिरावलीं, तशी ही रीत स्थिरावली नाहीं. २००७ सालीं क्विन व ब्रॅट ह्यांनीं तर स्पष्टच बजावलें कीं, सिरॅमिक पदार्थांचा भंग-चिवटपणा ठरविण्यास ती विश्वसनीय नव्हे. ज्ञात मापाची खांच वा भेग असलेली दांडी वाकवून मोडण्याच्या प्रमाणित रीतींवरच भिस्त ठेवावी लागते.

ही चर्चा केवळ पंडितांपुरती नाहीं. विजेच्या तारा ज्यांना टांगतात त्या चिनी मातीच्या चकत्या, दांतांवरील टोपणें, वृद्ध माणसाच्या खुब्याच्या सांध्यांत बसविलेला सिरॅमिकचा गोळा, हे सारे ठिसूळ जातीचेच. तो गोळा आंत फुटला, तर रोग्यास पुनः शस्त्रक्रियेस सामोरें जावें लागतें. अशा ठिकाणीं ठशाच्या चार तड्यांवरून काढलेल्या आंकड्यावर विसंबणें म्हणजे एका प्रश्नाच्या उत्तरावरून विद्यार्थ्यास उत्तीर्ण करणें होय. एकाच जातीचे दोन नमुने ताडून पाहण्यास, भट्टीच्या आंचेंतील फरक चटकन् ओळखण्यास ही परीक्षा अवश्य उपयोगी पडते. परंतु ज्यावर माणसाचा देह विसंबावयाचा, त्याचा निवाडा तिच्यावर सोंपवूं नये, असें आमचें नम्र मत आहे.