पोत्यावरचा ‘अमोनिकल’ नत्र



खताच्या पोत्यावर ‘अमोनिकल नत्र’ असे छापलेले असते. म्हणजे अमोनियाच्या रूपातला नत्र. तो मातीच्या कणांना धरून राहतो. नायट्रेट नत्र मात्र पाण्याबरोबर खाली निघून जातो. म्हणूनच मुळशीच्या धो-धो पावसात, माल्याकडच्या भातखाचरांना अमोनियम सल्फेट मानवते. त्यातला २०.५ टक्के नत्र सगळा अमोनिकल.

उसाला आपण युरिया देतो. त्याचा ४६ टक्के नत्र आधी अमाईड असतो, जमिनीत थोड्याच दिवसांत अमोनिकल होतो. नेमका तेव्हाच युरिया उघड्यावर पडलेला असला, तर अमोनिया वायू होऊन उडून जातो. ४५ किलोच्या पोत्यात जेमतेम २१ किलो नत्र. त्यातला वाटा वाऱ्याला कशाला द्यायचा?

तेव्हा युरिया फोकू नका. सरीच्या बगलेला चळी घेऊन द्या, मातीआड करा, मग बेताचे पाणी सोडा. हप्ते चार : लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. अमोनिकल खतात चुना किंवा राख कधीही कालवू नका, नत्र उडतो.

पोते घेताना नत्राचा आकडा वाचाच, पण त्याचे रूपही वाचा, एवढेच आमचे सांगणे.