सिस्टर नळी का काढत नाही?

घरातले माणूस सरकारी दवाखान्यात दगावले, की आपला पहिला राग निघतो तो सिस्टरवर. जीव गेला तरी नाकातली नळी तशीच! अंगावरचे मळके कपडेही कोणी बदलत नाही. माया नाही या लोकांना, असे आपण बोलून जातो.

पण जरा ऐका. आजाराने मरण आले, तर डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर सिस्टर सलाइनची सुई आणि नळ्या काढते, अंग पुसते, पापण्या मिटवते, हनुवटी बांधते. अंग ताठायच्या आत हे उरकावे लागते, म्हणून तिची घाई. दागिने मोजून, लिहून, सही घेऊन घरच्यांच्या हाती देते. मंगळसूत्र काढायचे तिच्याही जिवावर येतेच हो!

साप चावला, फवारणीचे औषध बाधले, ट्रॅक्टर उलटला, तर गोष्ट वेगळी. ती पोलिसांची केस. पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होईपर्यंत नळी काढायची नाही, अंग धुवायचे नाही, कपडे जपून ठेवायचे. विम्याचे किंवा सरकारी मदतीचे प्रकरण पुढे याच कागदांवर चालते. सिस्टरच्या हाती उरते ते चादर नीट करणे आणि आडोसा लावणे.

२०२१ साली केंद्र सरकारने सोय असलेल्या दवाखान्यांत रात्रीही पोस्टमॉर्टेम करायला मोकळीक दिली. पण घातपाताचा संशय असला, की बहुधा सकाळपर्यंत थांबावेच लागते.

तोंडात तुळशीपत्र ठेवायचे असेल, तर अंग गुंडाळण्याआधी सिस्टरला सांगा. पोलिसांची केस असेल, तर आधी विचारा, मगच हात लावा.