जनावराचे वजन व औषधाची मात्रा

जनावरांच्या दवाखान्यात सहायकाला जे गणित लागते, ते माध्यमिक शाळेतल्या गणितापलीकडचे नाही. गुणाकार, भागाकार, शेकडेवारी व दशांश अपूर्णांक एवढी सामग्री पुरते. तथापि शाळेत दशांशचिन्ह एक घर चुकले तर गुण जातात. येथे औषधाची मात्रा दसपट होते, आणि रोग्याला तर बोलता येत नाही.

पहिली अडचण वजनाची. औषधाचे प्रमाण किलोमागे सांगितलेले असते. पण खेड्यातल्या गोठ्यात बैल तोलणारा काटा कोठून आणावयाचा? म्हणून मोजपट्टी घेतात. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि खांद्याच्या सांध्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, ही दोन्ही इंचांत मोजावयाची. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व ३०० ने भागावे, म्हणजे वजन पौंडांत मिळते. घेर ६० व लांबी ५० इंच असल्यास उत्तर ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो. सूत्र वरवर चमत्कारिक वाटते खरे. पण जनावराचे धड म्हणजे जवळजवळ एक आडवे पिंपच होय, आणि पिंपाचे घनफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच वरील बैलाच्या लांबीत ३ इंचांची चूक झाली तर वजन शेकडा ६ ने चुकते. तीच चूक घेरात झाली तर शेकडा १० हून अधिक. बैल सपाट जागी, चारही पायांवर सरळ उभा असेल तेव्हाच फीत लावावी, असा आग्रह धरतात तो यासाठी.

दुसरी अडचण बाटलीवरील शेकडेवारीची. शेकडा १ द्रावण म्हणजे १०० मिलिलिटरांत १ ग्रॅम औषध. अर्थात एका मिलिलिटरात १० मिलिग्रॅम. येथे '१' हा आकडा पाहून एक मिलिग्रॅम समजणारे पुष्कळ निघतात. जंतांवरील आयव्हरमेक्टिन हे औषध गुरांना किलोमागे ०.२ मिलिग्रॅम टोचतात. आपल्या बैलाला ५४.४ मिलिग्रॅम हवे. शेकडा १ द्रावणाचे ते सुमारे साडेपाच मिलिलिटर झाले. चुकीच्या समजुतीने मोजल्यास पिचकारीत चोपन्न भरावे लागतील! एवढा मोठा आकडा आला की हात आपोआप थांबला पाहिजे.

गुंगीच्या औषधात मात्र आकडा असा ओरडून सांगत नाही. झायलाझिन हे शेकडा २ व शेकडा १० अशा दोन तीव्रतांचे मिळते. घोड्याला लागणाऱ्या मात्रेच्या सुमारे दहाव्या हिश्शानेच गुरे गुंगतात. त्याच बैलाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम द्यावयाचे, तर शेकडा २ द्रावणाचे १.३६ मिलिलिटर पुरतात. तेवढेच द्रव दुसऱ्या बाटलीतून घेतले तर मात्रा पाचपट होते, आणि पिचकारीकडे पाहून कोणालाही शंका येत नाही.

शेवटी सलाइनचा हिशेब. हगवणीने करडाच्या अंगातील पाणी आटले आहे, करडू १० किलोचे आहे, व तूट वजनाच्या शेकडा ८ असल्याचे पशुवैद्याने ठरविले आहे. तूट ८०० ग्रॅम, म्हणजेच ८०० मिलिलिटर. ती ८ तासांत भरावयाची, म्हणून तासाला १०० मिलिलिटर. नळीच्या वेष्टनावर मिलिलिटरमागे २० थेंब असे छापलेले असेल, तर तासाला २,००० आणि मिनिटाला सुमारे ३३ थेंब पडावयास हवेत. घड्याळ समोर धरून पंधरा सेकंदांत आठ थेंब मोजले, की नळीची चकती तेथेच राहू द्यावी.