जुना मॉनिटर, नवा लॅपटॉप

कर्नाटकातल्या बैलकुप्प्याच्या सेरा मे या तिबेटी मठात १९८०च्या दशकाअखेरीस भिक्षूंनी तिबेटी ग्रंथ संगणकावर टाइप करायला घेतले, तो काळ काचेच्या नळीच्या अवजड सीआरटी मॉनिटरचा. तुमच्याकडे असा मॉनिटर अजून चालू असेल, तर भंगारात देऊ नका. आजच्या लॅपटॉपलाही तो जोडता येतो. त्याच्या पंधरा पिनांच्या व्हीजीए केबलला ॲनालॉग संकेत लागतो, लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मात्र डिजिटल निघतो. म्हणून नुसती केबल पुरत नाही. संकेत बदलणारी चिप असलेला ॲडॅप्टरच हवा. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ ठेवा. ६० हर्ट्झ रिफ्रेश रेटला पडदा लुकलुकतो, डोळे शिणतात. मॉनिटरला झेपत असेल तर ७५ किंवा ८५ निवडा. चित्र दिसलं नाही, तरी मागचं झाकण उघडू नका: प्लग काढल्यावरही नळीत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.