छापी, पाणी आणि धूर

चिलीम आणि हुक्का ही भारतात तंबाखू ओढण्याची जुनी साधने. दोन्हींत धूर निववण्याची सोय असते: चिलमीला ओली छापी, हुक्क्याला पाणी. निवलेला धूर घशाला बोचत नाही, म्हणून तो निरुपद्रवी, अशी समजूत या सोयीपाठोपाठ रुजली आणि साधनांपेक्षाही चिवट ठरली.

तंबाखू पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. 1604च्या सुमारास विजापूरहून परतलेल्या असद बेगने ती अकबरापुढे नजर केली, सोबत रत्नजडित नळीही होती. बादशहाने दोनचार झुरके घेतले. पण अनोळखी, न पारखलेली वस्तू म्हणून हकिमाने हरकत घेतली. आरोग्याच्या अंगाने झालेली ही इथली बहुधा पहिली नोंदलेली तक्रार. धूर पाण्यातून नेण्याची युक्ती हकीम अबुल फतह गिलानीच्या नावावर सांगतात, पण तो 1589 मध्येच वारला होता, त्यामुळे कथेचा मेळ बसत नाही. 1617 मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. ती कोणी मानली नाही.

हुक्का, गुडगुडी बैठकीत राहिली. चिलीम पारावर, शेताच्या बांधावर आणि साधूंच्या धुनीपाशी पोचली. मातीच्या चिलमीत आधी खडा टाकायचा, म्हणजे तंबाखू खाली उतरत नाही. वर मळलेली तंबाखू, तिच्यावर विस्तव. बुडाशी ओल्या फडक्याची छापी गुंडाळून मुठीतून झुरका घ्यायचा आणि चिलीम शेजाऱ्याच्या हाती द्यायची. छापी थोड्याच दिवसांत तपकिरी होई. फडक्यावर डांबर दिसते म्हणजे धूर गाळला गेला, असा तर्क होई. गाळून उरलेले कुठे जाते, हा प्रश्न मागे राही. शिवाय तीच ओली छापी साऱ्यांच्या तोंडाला लागे, आणि एकत्र ओढण्याच्या अशा प्रथेत क्षयासारख्या रोगाचा संसर्ग पसरण्याचा धोका असतो.

विसाव्या शतकात विडीने चिलमीला मागे सारले. विडीला ना खडा लागतो ना छापी, आणि ती एकट्याने ओढता येते. याच शतकात पुरावाही जमू लागला. 1955 मध्ये मुंबईतील संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू खाणे व ओढणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवला. 1964च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालाने पाइप ओढण्याचा ओठाच्या कर्करोगाशी संबंध नोंदवला. तरीही भारतात कायदेशीर पावले सावकाश पडली: 1975चा सिगारेट कायदा पाकिटावरील इशाऱ्यापुरता होता, व्यापक कायदा 2003 मध्ये आला आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नवे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झाले.

तोवर शहरांत हुक्का परतला होता, फळांच्या वासाची तंबाखू घेऊन. पाण्याचा जुना विश्वासही बरोबर आला. पाणी धूर थंड करते, पण निकोटिनचा बराचसा भाग आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून पार होतात. झुरके मोठे, बैठक तासाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005च्या टिपणानुसार एका बैठकीत शंभर किंवा अधिक सिगारेटींइतका धूर ओढला जाऊ शकतो. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईतील कमला मिल आवारातल्या आगीत 14 जण दगावले आणि हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले गेले. 2018 मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. मग ‘हर्बल’ हुक्क्याची पाटी पुढे आली. त्यात तंबाखू नसते. निखारा मात्र कोळशाचाच असतो, आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइडही.